छोट्या गटातला मोठा माणूस

चाळीस माणसांच्या बसमधून, खाकऱ्याच्या पुड्या मोजत आणि झेंडी धरलेल्या टूर मॅनेजरच्या मागे धावत युरोप बघणाऱ्या लोकांबद्दल मला अनेक वर्षं वाईट वाटत असे. वाईट वाटतं, हे मी त्यांना वेळोवेळी कळवतही असे. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात सगळे आठवणी सांगत होते. मी मात्र 'प्रवास आणि पर्यटन' या विषयावर सामोसे गार होईपर्यंत बोललो. पर्यटक ठिकाणं बघतो, प्रवासी ती जगतो, असं काहीतरी त्यात होतं. टाळ्या भरपूर पडल्या. त्या भाषण संपल्याच्या होत्या, असं बायको घरी आल्यावर म्हणाली.

मुलगा लंडनजवळ स्लावला असतो. हे भाषण त्याने लहानपणापासून हप्त्याहप्त्याने ऐकलेलं असल्यामुळे आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने बरोबर त्या भाषणाला साजेशी टूर काढून दिली. स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख, मग बोटीने ऑर्कनी बेटं. छोटी गाडी, जास्तीत जास्त सोळा माणसं. मी खूश झालो. सुनेने दोनदा विचारलं, "बाबा, नक्की ना?" तिच्या आवाजातली काळजी माझ्यासाठी नसून उरलेल्या माणसांसाठी होती, हे मला उशिरा कळलं.

छोट्या गटाची एक गोष्ट माहितीपत्रकात छापत नाहीत. चाळीस माणसांत एक घोरणारा, एक उशिरा येणारा, एक मध्येमध्ये माहिती सांगणारा, एक ओकणारा आणि एक हरवणारा असे पाच निरनिराळे लोक असतात. छोट्या गटात ही सगळी खाती एकालाच सांभाळावी लागतात.

एडिंबरोहून निघालो तेव्हा आम्ही तेराजण होतो. मेलबर्नच्या दोघी बहिणी, बव्हेरियाचे एक निवृत्त भूगोल शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, कॅनडाचं एक पाच जणांचं कुटुंब (त्यांचे पूर्वज याच डोंगरांतून हाकलले गेले होते), ओसाकाचं एक तरुण जोडपं आणि आम्ही दोघं. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच. तांबूस दाढी, किल्ट, कानाशी माईक. त्याचे उच्चार पहिला दिवसभर माझ्या डोक्यावरून गेले. पण मी इंग्रजीत सर्क्युलर काढलेला माणूस. प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिलो. दुपारी एका तळ्याकाठी गाडी थांबली आणि तो हसत हसत माझ्यासमोर टॉवेल घेऊन उभा राहिला. मघाशी त्याने "थंड पाण्यात डुंबायला कोण येणार?" असं विचारलं होतं म्हणे, आणि अख्ख्या गाडीत एकट्याने मान हलवली होती. मी घोट्यापर्यंत उतरलो. पायाला बोटं आहेत याची जाणीव संध्याकाळी परत आली.

ग्लेन्कोला पोचलो तेव्हा ढग खाली आले होते आणि वारा पडला होता. दोन्ही बाजूंना काळे-हिरवे उभे कडे, मधून सपाट दरी, पांढऱ्या रेघांसारखे धबधबे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसालाही इथे गप्प व्हावंसं वाटतं. मी झालो नाही. मार्गदर्शक प्रत्येकाच्या हातात डोक्यावरून घालायची एकेक बारीक जाळी ठेवत होता. तिथे जूनपासून मिज नावाचे चिलटाएवढे कीटक उठतात. चावते ती मादी. एक चावली की तिच्या वासावर बाकीच्या येतात. वारा असला तर त्यांना उडता येत नाही. ओल, सावली आणि शांत हवा असली की मग बघायला नको. मी त्याला म्हटलं, "मी पुण्यात मुठेच्या काठी राहतो. असल्या गोष्टी आम्ही मोजत नाही." आणि प्रवासी निसर्ग जाळीतून बघत नसतो, हेही म्हटलं. बायकोने दोन जाळ्या घेतल्या आणि दोन्ही पर्समध्ये टाकल्या.

ग्लेन्कोची कथा मी वाचून आलो होतो. राजाशी निष्ठेची शपथ १ जानेवारी १६९२ पर्यंत घ्यायची होती. इथल्या मॅकडॉनल्ड घराण्याचा म्हातारा प्रमुख शेवटच्या क्षणी निघाला, तोही चुकीच्या कचेरीत. तिथला अधिकारी म्हणाला, हे माझ्याकडे होत नाही, इनव्हरारीला जा. बर्फातून तिथे जाऊन शपथ होईपर्यंत मुदत उलटली होती. मग सरकारी सैनिक आले, जवळजवळ दोन आठवडे त्यांच्याच घरी पाहुणे म्हणून राहिले, जेवले, पत्ते खेळले, आणि १३ फेब्रुवारीला पहाटे उठून त्यांनी यजमानांची कत्तल केली. अडतीसच्या आसपास माणसं मारली गेली. जी निसटली त्यांतली कितीतरी बर्फात गेली. 'हे या टेबलावर होत नाही' हे वाक्य मी स्वतः हजारदा उच्चारलेलं असल्यामुळे ही गोष्ट मला फार भिडली होती. ती मी सगळ्यांना सांगायला घेतली. "चुकीच्या कचेरीत" इथपर्यंत आलो आणि तोंडात काहीतरी गेलं. मग नाकात. मग कानात. बारा जण जाळीआडून माझ्याकडे बघत होते आणि मी एका हाताने १६९२ साल सांगत दुसऱ्या हाताने स्वतःला थोबाडीत मारत होतो. मेलबर्नच्या थोरल्या बहिणीने त्याचा व्हिडिओ काढला. ओसाकाच्या मुलीला वाटलं की कत्तलीचा प्रसंग मी करून दाखवतोय. तिने टाळ्या वाजवल्या.

रात्री आरशात बघितलं तर चेहरा ओळखीचा नव्हता. बायकोने पर्समधून कैलास जीवन काढलं.

आयलन डोनन किल्ल्याशी माझं वेगळं भांडण होतं. समुद्राचे तीन फाटे जिथे मिळतात तिथल्या छोट्या बेटावर हा किल्ला, दगडी पुलावरून आत जायचं. १७१९ साली आरमाराच्या जहाजांनी तो उडवला, दोनशे वर्षं पडीक होता, आज दिसतो तो विसाव्या शतकात, १९३२ पर्यंत, पुन्हा उभा केलेला. पण आपल्याकडच्या लोकांना तो माहीत आहे तो १९९८ च्या 'कुछ कुछ होता है'मुळे. शीर्षकगीताचा काही भाग इथे चित्रित झालाय. शाहरुखसाठी किल्ल्याला जाणाऱ्यांबद्दल मी निघण्यापूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर एक परिच्छेद टाकला होता. तर मी पुलावर उभा राहून बव्हेरियाच्या मास्तरांना तोफांविषयी सांगत असताना गाडीच्या स्पीकरवर तेच गाणं सुरू झालं. मार्गदर्शकाने लावलं होतं. भारतीय पाहुणे असले की तो लावतोच म्हणे. कॅनडाच्या मुलींना नाचाची पावलं पाठ होती. बायकोने ओढणी सरळ केली, पुलाच्या कठड्याला एक हात टेकला आणि जी पोज घेतली ती आमच्या लग्नात फोटोग्राफरने विनवूनही दिली नव्हती. मला हात पसरायला सांगितलं. मी पसरले. डावा हात मास्तरांच्या चष्म्याला लागला. चष्मा पाण्यात गेला नाही, एवढंच. भरती होती, गेला असता तर मलाच उतरायला लावलं असतं.

इन्व्हर्नेसला हॅगिसची रात्र होती. मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस बारीक करून ओट, कांदा, चरबी आणि मसाला घालून पूर्वी तिच्याच कोथळ्यात भरून शिजवायचे. बाकीचे दबकत होते. माझं आजोळ कोल्हापूरचं; वजडी खाऊन वाढलेल्याला हॅगिसचं काय भय? ताट आलं. सोबत चुरलेला बटाटा आणि पिवळा कंद. मी पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि सांगायला लागलो. मांस कसं ओळखावं, काळजाचा किंचित कडवटपणा कुठे लागतो, मेंढी डोंगरावर चरलेली असली की तो वास जिभेच्या मागच्या बाजूला कसा येतो. ओसाकाचा मुलगा वहीत लिहून घेत होता. तेवढ्यात वाढणारी मुलगी धावत आली. भारतीय नाव बघून स्वयंपाकघराने आपणहून मला शाकाहारी हॅगिस पाठवलं होतं. मसूर, राजमा, गाजर आणि ओट. शाकाहारी हॅगिस तिकडे सर्रास मिळतं आणि खरोखर चांगलं लागतं. पण मी घासाघासाला त्यातली मेंढी वर्णन करून चुकलो होतो. खरं हॅगिस बायकोच्या ताटात गेलं होतं, तिने ते केव्हाच संपवलं होतं, आणि एक शब्द बोलली नव्हती. ओसाकाच्या मुलाने वहीतलं पान फाडलं नाही. नुसती एक रेघ मारली. ते जास्त लागलं.

कलॉडनच्या माळावर मात्र मी खरोखर काही बोललो नाही. १६ एप्रिल १७४६. सरकारी फौजेशी झालेली लढाई तासाभराच्या आत आटोपली आणि जवळजवळ दीड हजार हायलंडर, म्हणजे या डोंगराळ मुलखातले लढवय्ये, पडले. नंतर त्यांची हत्यारं गेली, चौकड्यांचं टार्टन घालायला बंदी आली, घराण्यांच्या प्रमुखांचे अधिकार गेले. माळावर हिरव्या उंचवट्यांपुढे घराण्यांची नावं कोरलेले ओबडधोबड दगड आहेत. कॅनडाचे आजोबा त्यांतल्या एका दगडापाशी टोपी काढून उभे राहिले होते. तिथे पानिपत आठवणार नाही असा मराठी माणूस नसेल. पण आठवलं म्हणून बोलायलाच पाहिजे असं नसतं, हे मला त्या एका ठिकाणी तरी उमगलं. परिणाम दुपारपर्यंत टिकला.

दुपारी आम्ही उत्तरेला निघालो. ए-९ रस्ता समुद्राच्या फाट्यांच्या कडेकडेने जातो. ॲलनेस गावाजवळ डाव्या हाताला एका टेकडीच्या माथ्यावर कमानींचं काहीतरी दिसतं. मार्गदर्शक म्हणाला, हे फिरिश स्मारक, १७८२ मधलं. इथल्या सर हेक्टर मन्रोने उभारलेलं. आकार कशाचा? तर त्याने डचांकडून जिंकलेल्या नागपट्टणमच्या वेशीचा. दुष्काळी दिवसांत गावकऱ्यांना काम मिळावं म्हणून बांधलं, आणि चढवलेले दगड तोच पुन्हा खाली गडगडवून देत असे, म्हणजे मजुरी दुप्पट, अशी दंतकथाही आहे. आपल्या रोजगार हमीतलं एखादं काम आठवून मी हसलो, आणि तिथेच मला जोर चढला. हा रॉसशायर; म्हणजे ७८ व्या हायलंडर पलटणीचं घर. "तुमच्या या पलटणीची आणि आमची गाठ पडलेली आहे," मी माईकच्या दिशेने म्हणालो. "असईला. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि भोसले एका बाजूला, वेलस्ली दुसऱ्या बाजूला."

मला वाटलं होतं, तो दचकेल. तो म्हणाला, "हो ना. ७४ वी पलटणही होती, गावापुढच्या तोफांसमोर चुकून सरकली आणि जवळजवळ संपली. दोन्ही पलटणींना नंतर हत्तीचं चिन्ह मिळालं, त्यावर 'असई' लिहिलेलं. मराठी तोफा फार चांगल्या चालल्या त्या दिवशी." मग त्याने आरशातून बघत अगदी मनापासून विचारलं, "मला फार उत्सुकता आहे. गाव आता कसं आहे? ती नदी, जिथून वेलस्ली उतरला, ती जागा दिसते का?"

असई जालना जिल्ह्यात आहे. पुण्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत बघून परतीला लागता येतं. मी वेरूळला गेलो आहे, शिर्डीला किती वेळा ते विचारू नका, जालन्याच्या शाखेत एकदा तपासणीलाही गेलो होतो. गाडीत सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हणालो, "सध्या तिथे बराच विकास झालाय." बायकोने खिडकीबाहेर बघितलं.

आता समुद्र. मुख्य भूमी आणि ऑर्कनी यांच्यामध्ये पेंटलंड फर्थ आहे. अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांचं पाणी या चिंचोळ्या वाटेने दिवसातून चारदा इकडून तिकडे धावतं, आणि जगातल्या अतिवेगवान भरतीच्या प्रवाहांत याचं नाव घेतलं जातं. स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉमनेसला बोटीने दीड तास. मार्गदर्शकाने आल्याच्या गोळ्या पुढे केल्या. मी पावसाळा तोंडावर आलेला असताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने गेलेलो आहे, हे मी त्याला सांगितलं, आणि गोळी परत केली.

या मार्गावरची मुख्य शोभा म्हणजे ओल्ड मॅन ऑफ हॉय. हॉय बेटाच्या कड्यापासून सुटून समुद्रात एकटा उभा असलेला १३७ मीटर उंचीचा लाल वालुकाश्माचा सुळका. १९६६ मध्ये क्रिस बॉनिंग्टन आणि त्याच्या दोन सोबत्यांनी तो पहिल्यांदा सर केला, आणि पुढच्या वर्षी बीबीसीने त्यावरची चढाई थेट प्रक्षेपित केली. आपल्या लिंगाण्यावर चढणाऱ्या पोरांना हे नाव सांगितलं तर त्यांचे डोळे चमकतात. बोट त्याच्या बऱ्यापैकी जवळून जाते. सगळे डेकवर गेले. मीही डेकवर होतो. माझं डोकं कागदी पिशवीत होतं. "बघा बघा, आला!" असं बायको ओरडली तेव्हा माझंही तेच चाललं होतं. त्या सुळक्याचे आमच्या गटाने काढलेले किमान शंभर फोटो आहेत आणि जवळपास सगळ्यांत पुढच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, पिशवी धरून वाकलेला एक इसम आहे.

बोटीतून उतरल्यावर सगळ्यांची पोटं ढवळलेली होती. तेव्हा बायकोने चिवडा काढला. मी निघताना बजावलं होतं की फराळाचं काही घ्यायचं नाही, आपण त्यातले नाही. तिने माझ्या थर्मलच्या घडीत दोन किलो घातला होता. स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, वारा पाठीवर घेऊन, बारा परदेशी माणसं मूठ मूठ चिवडा खात उभी राहिली. मार्गदर्शक दाढीतला कढीपत्ता शोधत म्हणाला की, गेल्या कित्येक फेऱ्यांत त्याने इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. त्या क्षणापासून गटाची मुख्य व्यक्ती ती झाली. मी 'चिवडावाल्या बाईंचे यजमान' झालो.

ऑर्कनी ही सुमारे सत्तर बेटं; माणसं वीसेक बेटांवर राहतात. झाड जवळपास नाही. हिरवं गवत, गुरं, मोठं आकाश. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो, चारला परत येतो, आणि मधल्या वेळातही पुरता अंधार पडत नाही. हे मी माहितीपत्रकात वाचलं होतं. वाचणं वेगळं. रात्री जाग आली तर पडद्याच्या फटीतून लख्ख उजेड. मोबाइलची बॅटरी संपलेली. मनात आलं, झालं, गाडी आपल्यासाठी खोळंबली! बायकोला उठवलं तर ती म्हणाली, "अहो, झोपा," आणि कूस बदलली. मी कपडे केले, दोन्ही बॅगा जिन्यावरून आपटत खाली आणल्या आणि गाडीपाशी उभा राहिलो. रस्त्यावर कुणी नाही. एक मांजर. मग वरच्या खिडक्या एकेक करत उघडल्या. यजमानीण बाई झोपण्याच्या झग्यावर कोट चढवून बाहेर आल्या आणि फार हळू आवाजात, जणू मी झोपेत चालतोय, म्हणाल्या की पहाटेचे तीन वाजून चाळीस मिनिटं झालेली आहेत. त्यांनी मला चहा करून दिला. न्याहारीला खाली आलो तेव्हा सगळ्यांनी मला अगदी प्रेमाने "शुभ रात्री" म्हटलं.

स्कारा ब्रेला मला बोलायची आयती संधी होती, कारण पुराणवस्तू हा माझा प्रांत. १८५० सालच्या वादळाने किनाऱ्यावरची वाळू उडवली आणि खाली अख्खी वस्ती निघाली. इसवी सनापूर्वी साधारण ३१८० ते २५०० या काळात नांदती. गिझाच्या पिरॅमिडांच्या आधीची. आठेक घरं, एकमेकांना झाकलेल्या बोळांनी जोडलेली. लाकूड नसल्यामुळे सगळं सामान दगडाचं, म्हणून टिकलं: पलंगांच्या चौकटी, मधोमध चूल आणि दारासमोरच्या भिंतीला दोन-तीन फळ्यांचं कपाट. सांडपाण्याची मोरीसुद्धा. मी मोहेंजोदडोचा विषय काढला. गटारांच्या बाबतीत आपण पहिले, हे ठासून मांडत होतो. मार्गदर्शकाने सौम्यपणे सांगितलं की मोहेंजोदडोची ती भरभराटीची वस्ती सुरू होईपर्यंत ही वस्ती संपत आली होती. मी 'सरस्वतीकाठ' म्हणेपर्यंत बायको पुढे वाकून त्या दगडी कपाटाकडे बघत म्हणाली, "ही तर मांडणी आहे. दारातून आत येणाऱ्याला पहिली भांडी दिसली पाहिजेत." मार्गदर्शक थबकला. कपाट दारासमोर का, यावर जाणकारही हेच म्हणतात, की ते मिरवण्यासाठी असावं. मास्तरांच्या पत्नीने बायकोचा हात हातात घेतला. पुरातत्त्वावरची माझी पुस्तकं तीन फळ्या भरून आहेत. मांडणी आमच्या आईची होती.

त्या संध्याकाळी कर्कवॉलला, ११३७ मध्ये बांधायला घेतलेल्या लाल दगडाच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलसमोर, मी शेवटचा डाव टाकला. ही बेटं आधी नॉर्वेची. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली, हुंड्याची रक्कम जमेना, म्हणून ५०,००० फ्लोरिनांपोटी ऑर्कनी गहाण टाकलं. पुढच्या वर्षी शेटलंडही. आणि आमची मुंबई? १६६१ च्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळालेली. "म्हणजे आपण एकाच प्रथेचे बळी," मी म्हणालो. हे मात्र सगळ्यांना आवडलं. मी इतका फुललो की गहाणखत आणि हस्तांतर यांतला फरक, तारण सोडवण्याची मुदत आणि नॉर्वेने आजच्या व्याजदराने रक्कम आणली तर काय, यावर बोलत राहिलो. थांबलो तेव्हा समोर फक्त ओसाकाचं जोडपं होतं; त्यांना निघून जाणं असभ्य वाटत होतं. जेवणाची वेळ टळली होती.

मेझहाउबद्दल लिहायलाच हवं, कारण माझ्याआधी कुणीतरी लिहीलच. बाहेरून हिरवी टेकडी. आत पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनगृह, टनाटनांच्या शिळांचं, इतकं नेमकं की वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत मावळतीचं ऊन आत शिरून मागच्या भिंतीवर पडतं. आत जायला सुमारे दहा मीटर लांबीची बुटकी वाट आहे. पाऊणभर वाकूनच जावं लागतं. मी कमरेला औषधांची पिशवी, वर जाड जॅकेट अशा थाटात शिरलो आणि मध्यावर उसण भरली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पुढे मास्तर, मागे कॅनडाचं अख्खं कुटुंब, वर पाच हजार वर्षं. कॅनडाच्या नातीने विचारलं, "आजोबा, हे काका थांबलेत का?" ११५३ च्या हिवाळ्यात वादळापासून वाचायला इथे शिरलेल्या व्हायकिंगांपैकी दोघांना वेड लागलं, असं त्यांची गाथा सांगते. माझ्या मागच्यांपैकी निदान एकाला लागण्याच्या बेतात होतं.

शेवटी मास्तरांनी पुढून ओढलं, कॅनडाने मागून ढकललं, आणि मी काटकोनात आत पोचलो. काटकोनातच राहिलो. भिंतींवर बाराव्या शतकातल्या व्हायकिंगांनी कोरलेले तीसेक लेख आहेत, स्कँडिनेव्हियाबाहेर इतका मोठा संग्रह विरळाच. त्यांत गहन काही नाही. अमक्याने हे कोरलं. तमक्याने हे खूप उंचावर कोरलं. अमुक बाई सगळ्यांत देखणी, आणि शेजारी लाळ गाळणारा कुत्रा. गडकिल्ल्यांवर खिळ्याने नावं खरडणाऱ्या पोरांना मी वर्तमानपत्रातून पत्रं लिहून झापलेलं आहे. आठशे वर्षं तग धरली की सरकार त्यावर विजेरी मारायला माणूस ठेवतं. हे सगळं मी नुसतं ऐकलं. कारण मला तिथली फक्त फरशी दिसत होती. फरशी चांगली आहे.

त्याच अवस्थेत मला इटालियन चॅपलला नेलं. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन पाणबुडीने या बेटांमधल्या स्कापा फ्लो या आरमारी तळात शिरून ब्रिटिशांची 'रॉयल ओक' युद्धनौका बुडवली, आठशेहून जास्त माणसं गेली. म्हणून बेटांमधली पूर्वेकडची वाट बांध घालून बुजवायचं ठरलं. कामाला आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी. युद्धकैद्यांना लष्करी काम देता येत नाही, म्हणून कागदावर ते बांध नसून बेटं जोडणारे रस्ते ठरले; असा कागद तयार करणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. त्या कैद्यांनी पत्र्याच्या दोन अर्धगोल झोपड्या जोडून देऊळ केलं. दिवे मांसाच्या रिकाम्या डब्यांचे. भिंती सपाट, पण रंगवल्यात अशा की विटा आणि कोरीव दगड वाटावेत. चित्रं काढणारा डोमेनिको कियोकेत्ती सुटका झाल्यावरही काम पुरं करायला मागे थांबला, आणि १९६० मध्ये ते दुरुस्त करायला परत आला. इतकी सुंदर जागा त्या सगळ्या टूरमध्ये दुसरी नव्हती. दारातून वाकून शिरलो, तसाच वेदीपर्यंत गेलो, तसाच उभा राहिलो. देखरेख करणाऱ्या बाईंना माझी भक्ती इतकी भावली की त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला हातानेच गप्प राहायला खुणावलं.

परतीच्या बोटीत मी आल्याच्या दोन गोळ्या घेतल्या आणि तळमजल्यावर भिंतीला टेकून आलो. गटाने एक व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. मेलबर्नच्या बहिणी दर आठवड्याला चिवड्याची कृती पुन्हा विचारतात. मास्तरांनी पुण्याला यायचं नक्की केलंय, त्यांना असईला जायचं आहे आणि माझ्यासारखा जाणकार सोबतीला असल्याचा त्यांना फार आनंद आहे. त्याआधी गुपचूप एकदा जाऊन यायला हवं.

तेव्हा कुणी जाणार असाल तर छोट्या गटानेच जा. मे संपायच्या आत गेलात तर मिज कमी असतात, मेझहाउची जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि कंबर धड असली पाहिजे. ग्लेन्कोसाठी एक जाळी माझ्याकडे पडून आहे, कोरी करकरीत, एकदाही न घातलेली. फुकट देतो. अट एवढीच, की परत आल्यावर तुम्ही काढलेला ओल्ड मॅन ऑफ हॉयचा फोटो मला दाखवायला यायचं नाही.